आधी तणाचे नाव विचारा



जुलैत आठ दिवस झड लागली की कापसाच्या शेताचे काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. डवरा चालत नाही, निंदायला शेतात पाय टाकता येत नाही, आणि पऱ्हाटी चार पानांवर असताना गवत वीतभर होते. नवव्या दिवशी ऊन पडते. वाफसा आला की साऱ्या गावाला एकाच दिवशी बाया हव्या असतात. ज्याच्या गाठीला रोकड आहे त्याचे शेत निंदून होते. ज्याच्या गाठीला नाही तो उधारीवर डबा आणायला कृषी सेवा केंद्रात जातो. दुकानदार विचारतो, "काय मारायचं?" आपण सांगतो, "गवत." निम्मा पैसा इथेच वाया जातो.

कारण गवत हे काही एका तणाचे नाव नाही. शेतात गवत असते, गवतासारखे दिसणारे पण गवत नसलेले असते, रुंद पानाचे असते, आणि ज्वारीच्या मुळाला तोंड लावून पिणारेही असते. या चौघांचा जीव चार वेगळ्या ठिकाणी आहे. एकाला मारणारे औषध दुसऱ्याच्या पानावरून पाण्यासारखे ओघळून जाते. आमचे म्हणणे एवढेच की बाया लावायच्या, डवरा धरायचा की पंप पाठीला लावायचा, हे ठरवण्याआधी तणाचे नाव विचारले पाहिजे. ही विद्या फुकट आहे आणि ती आपल्या घरातच आहे. निंदायला जाणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ती अंधारात पान चाचपून नाव सांगेल. पण फवारणीचे ठरवताना तिला कोण विचारतो?

कापसाला पहिले साठ दिवस आणि ज्वारीला पहिला महिना-दीड महिना मोकळा मिळाला पाहिजे. त्यानंतर पिकाची सावली पडते आणि पीक आपले आपण सांभाळते. निंदणाचा खर्च कमी करायचा तर तो याच दिवसांत, चौथ्या महिन्यात शेत चकाचक करून नाही. बी धरू पाहणारे उंच तण तेवढे नंतरही उपटावे.

आता ओळख. देठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून फिरवा. गोल फिरला आणि त्याला पेर असले तर ते गवत. तीन धारा बोटाला लागल्या आणि पेर नसले तर तो लव्हाळा. शिप्पी, हरळी, कुंदा ही खरी गवते. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण त्याची जात वेगळी. कापसात गवतासाठी मिळणारे क्विझालोफॉप लव्हाळ्यावर मारले तर लव्हाळा हलतसुद्धा नाही. दर हंगामात किती डबे असे लव्हाळ्यावर ओतले जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवला तर दुकानाचे नाही, आपलेच नुकसान दिसेल.

लव्हाळ्याचा जीव जमिनीखालच्या गाठींत आहे. वरचे पान खुरप्याने कापले की चार दिवसांत नवा कोंब वर. एका गाठीची दुसरी, दुसरीची तिसरी, अशी माळ तयार होते. पावसाळ्यात डवऱ्याने ती माळ तुटते आणि शेतभर पेरली जाते. तिला मारणारी वस्तू फुकटची आहे, ती म्हणजे वैशाखातले ऊन. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून ढेकळे उघडी टाकली तर वर आलेल्या गाठी वाळून मरतात. नांगरट पाऊस पडल्यावर केली तर ते गाठींची लागवड केल्यासारखे होते. दुसरी गोष्ट, लव्हाळ्याला सावली सोसत नाही. विरळ उगवलेल्या शेतात तो माजतो, दाट ज्वारीत दबतो. खाडे भरणे हेही तणाचेच काम आहे.

१९७७ साली जगातल्या वाईट तणांवर एक मोठा ग्रंथ निघाला. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा होता. गंमत पाहा, हीच हरळी शहरात बंगल्यापुढे पैसे देऊन लावतात, तिला पाणी देतात, माळी ठेवतात आणि त्या हिरवळीत लव्हाळा दिसला की घाबरतात. आपण मात्र तिच्या काशा वेचता वेचता म्हातारे होतो. गणपतीला एकवीस जुड्या वाहून ती संपली असती तर केव्हाच संपली असती! हरळीच्या काशीचा एक पेर जमिनीत राहिला तरी फुटतो. म्हणून वखराने तिचे तुकडे करून शेतभर ओढत नेणे हे सर्वांत वाईट. जिथे हरळीचा पट्टा आहे तिथे आधी काशा वेचून बाहेर काढा आणि मग सगळ्या शेताला वखर घाला. वेचलेल्या काशा उकिरड्यावर टाकू नका, धुऱ्यावर तर नाहीच. वाळवून जाळा.

कुंदा ही भारी काळ्या जमिनीची व्याधी आहे. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलाचा नांगर तिथवर पोचत नाही. कुंद्याचे शेत म्हटले की मक्त्याने घेणारासुद्धा मागे सरतो. यावर निंदण हा उपाय नव्हे. तो पट्टा उन्हाळ्यात खणून काढायचा किंवा ट्रॅक्टरच्या खोल नांगराखाली घालायचा. दोन-तीन उन्हाळे लागतात. ज्याला हे जमत नाही त्याने निदान कुंदा आहे तेवढ्यात रोखावा. शेतातून वखर बाहेर काढताना पास झाडून घ्यावी. याला दोन मिनिटे लागतात.

आता गाजर गवत, म्हणजेच आपले काँग्रेस गवत. नावात गवत असले तरी हे गवत नाही. ते रुंद पानाचे झुडूप आहे, सूर्यफुलाच्या कुळातले. त्यामुळे गवत मारणारे औषध त्यावर चालणार नाही, हे नावावरून कोणाच्याही लक्षात येत नाही. ते अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून आले असे आपण सगळे सभेत सांगतो. पण पीएल-४८० चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, आणि हे तण पुण्यात त्याआधीच, १९५५ साली नजरेस आले होते. आयात धान्यातून आले असेल तर त्याआधीच्या धान्यातून आले असेल. शिव्या द्यायच्या तर तारीख बघून द्याव्यात.

या तणाचे एक झाड दहा-पंधरा हजार बी टाकते. बी पडले की ओल मिळताच उगवते, आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा फुलावर. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजर गवत निर्मूलन जागृती सप्ताह पाळतात. सप्ताह पाळावा, पण जूनमधल्या पावसावर उगवलेले झाड तोवर एकदा बी टाकून मोकळे झालेले असते. आपल्याकडे हे काम जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच, फुलाआधी, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटून झाले पाहिजे. हातात मोजे नसतील तर पॉलिथिनची पिशवी बांधा, कारण अंगाला खाज आणि दमा हे त्याचे देणे आहे. शेतात आपण ते उपटतोच. खरा साठा असतो धुऱ्यावर, पांदणीवर, शाळेमागे आणि ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत. तिथे तरोटा वाढू दिला तर तो गाजर गवताला दाबतो, आणि कोवळा असताना त्याची भाजीही होते. १९८४ साली बंगळूरला मेक्सिकोहून आणलेले भुंगे या तणावर सोडले गेले. पावसाळ्यात गाजर गवताची पाने चाळणी करणारा, मळकट पांढऱ्या पाठीवर काळ्या रेघा असलेला तो छोटा किडा दिसला तर त्याच्यावर फवारा मारू नका. तो आपलाच सालदार आहे.

भाजीवरून आठवले. केना, कुरडू, घोळ, माठ, तरोटा ही सारी कागदावर तणे आहेत आणि श्रावणात चुलीवर भाज्या आहेत. म्हणून शेतात वाढू द्यायची असे नाही. कुरडूची भाजी गोड लागते, पण भाजीच्या वयात ती उपटली नाही तर सप्टेंबरात शेत गुलाबी पांढऱ्या तुऱ्यांनी भरते आणि पुढची कित्येक वर्षे ते बी निघत राहते. फवारलेल्या शेतातली भाजी मात्र खुडू नये, हे निंदायला येणाऱ्या बायांना आधी सांगणे आपले काम आहे.

आता ज्वारीचे चोर, टारफुला. याच्याबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण ज्वारीतल्या इतर कोणत्याही तणाहून हा वेगळा आहे. जमिनीत ओल असतानाही ज्वारी दुपारी माना टाकते, वाढ खुंटते, पानाच्या कडा करपतात. आपण म्हणतो खत कमी पडले, पाऊस कमी पडला. मग एके दिवशी ताटाच्या बुडाशी वीतभर उंचीची, बारीक पांढरट फुलांची रोपे दिसतात. तोवर उशीर झालेला असतो. कारण ती जमिनीवर येण्याआधी कित्येक दिवस ज्वारीच्या मुळाला चिकटून रस पीत असतात. याचे बी धुळीसारखे बारीक, एका झाडाला हजारोंनी, आणि जमिनीत पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकणारे. ते पावसाने उगवत नाही. जवळून जाणाऱ्या मुळातून एक विशिष्ट द्रव्य पाझरले तरच जागे होते. मूळ मिळाले नाही तर काही दिवसांत उपाशी मरते.

आणि इथे कोरडवाहू शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट आहे. हे जागे करणारे द्रव्य शास्त्रज्ञांना १९६६ साली पहिल्यांदा सापडले ते ज्वारीच्या नव्हे, कापसाच्या मुळांत. म्हणजे कापसाचे मूळ टारफुल्याच्या बियाला हाक मारते, बी जागे होते, पण कापसावर त्याला जगता येत नाही, आणि ते मरते. भुईमुगाचेही तसेच आहे. ज्या शेतात टारफुला आहे तिथे ज्वारीवर ज्वारी घेणे म्हणजे चोराला जेवायला बोलावणे, आणि कापूस घेणे म्हणजे त्याला फसवून दाराबाहेर काढणे. एका वर्षात शेत साफ होत नाही. बियांचा साठा मोठा असतो, तीन-चार वर्षे फेरपालट लागते. मधल्या ज्वारीत दिसलेले प्रत्येक रोप फुलाआधी उपटावे लागते. शेत जितके उपाशी तितका टारफुला जास्त, म्हणून ज्वारीला नत्राचा हात आखडू नये. टारफुल्याच्या शेतातला कडबा तिथल्याच बैलांना घाला, विकत देऊ नका आणि घेऊ नका. बी कडब्यातून आणि शेणातून गाव बदलते. जुने लोक कापसानंतर ज्वारी, ज्वारीनंतर कापूस करीत. त्यांना त्या द्रव्याचे नाव माहीत नव्हते, पण फेर मोडला की काय होते ते माहीत होते.

आता औषधांकडे येऊ. तणनाशक म्हणजे पाप असे मानणाऱ्यांतले आम्ही नाही. निंदणाचे काम कोण करते? भर उन्हात, ओल्या मातीत, कमरेत वाकून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाया करतात. शहरात बसून तणनाशकाला नावे ठेवणाऱ्यांनी एक तास निंदून दाखवावे, मग बोलावे. पण डब्यावर विश्वास टाकून डोळे मिटणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे.

कापसात पेरणीनंतर लगेच, उगवण व्हायच्या आत आणि जमिनीत ओल असताना पेंडीमिथॅलीन तीस टक्के एकरी एक ते दीड लिटर मारतात. भारी जमिनीला जास्तीकडचे माप. कोरड्या मातीवर मारले तर ते उन्हात उडून जाते. धूळपेरणीवाल्याने त्याच्या नादी लागू नये. ते उगवून आलेल्या तणाला मारत नाही, आणि लव्हाळा, हरळी, कुंद्याला तर नाहीच. पुढे कापूस दोन-चार पानांवर असताना रुंद पानांसाठी पायरीथायोबॅक आणि गवतासाठी क्विझालोफॉप आहे. पण आपल्या शेतात नुसता कापूस असतो कुठे? सहा तासांमागे तुरीचे एक तास, कडेला ज्वारीच्या चार ओळी. क्विझालोफॉप ज्वारीच्या ओळी जाळते. पायरीथायोबॅकच्या लेबलावर कापूस आहे, तूर नाही. ज्वारीत चालणारे अॅट्राझीन कापूस आणि तूर दोघांनाही मारते. हे शिफारशीचे कागद ज्या शेतासाठी लिहिले जातात त्या शेतात एकच पीक असते. मिश्र पीक घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी डवरा आणि हात यांना अजून तोड नाही, आणि त्या शेतकऱ्यासाठी बैलाला, सायकलीला, छोट्या इंजिनाला जोडता येणारी चांगली कोळपी काढण्यात संशोधनाचा पैसा जायला हवा होता, तेवढा गेलेला नाही.

सगळ्यांत मोठे नुकसान होते २,४-डी मुळे. ज्वारीतल्या किंवा धुऱ्यावरच्या रुंद पानाच्या तणासाठी ते मारतात. कापसाला त्याचा वाससुद्धा सोसत नाही. शेजाऱ्याच्या ज्वारीवरून वाऱ्याने आलेला फवारा पुरतो, किंवा त्याच पंपात आठ दिवसांनी मावा-तुडतुड्याचे औषध घातले तरी पुरते. पऱ्हाटीची पाने भेंडीच्या पानासारखी निमुळती, पंजासारखी होतात, पाती गळते. शेतकरी रोग समजून आणखी दोन फवारे मारतो. ज्याच्या घरी कापूस आहे त्याने २,४-डी साठी पंपच वेगळा ठेवावा, गावात पाच घरांत मिळून एक ठेवला तरी चालेल. आणि शेजाऱ्याच्या कापसाकडे वारा असेल त्या दिवशी पंप उचलू नये. यावरून दोन भाऊ कोर्टात जाण्यापेक्षा हे सोपे आहे.

आता कायद्याची गोष्ट. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, ती बोंडअळीसाठी. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला त्यानंतरची दोन दशके परवानगी मिळाली नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी ते बियाणे उघडपणे लावून सरकारला आव्हान दिले. तरीही ते चोरून येते, बिल नाही, पाकिटावर खरे नाव नाही. चोरबाजारातले बियाणे साधे निघाले तर त्यावर ग्लायफोसेट मारल्यावर गवताबरोबर कापूसही जळतो, आणि तक्रार करायची तर कोणाकडे? ज्याने घेतले तोच गुन्हेगार! बंदी घालून सरकारने तंत्रज्ञान थांबवले नाही, फक्त शेतकऱ्याची पावती काढून घेतली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने हुकूम काढला की ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रणाच्या परवानाधारक माणसांनीच वापरावे. ही माणसे शहरात झुरळे आणि वाळवी मारतात. ती तुमच्या धुऱ्यावरची हरळी मारायला कोणत्या एसटीने येणार? हे औषध निर्धोक आहे असा आमचा दावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली त्याला संशयितांच्या यादीत घातले, अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामकांनी तसे मानले नाही, युरोपने २०२३ मध्ये आणखी दहा वर्षांची मुदत दिली. धोका असेल तर फवारणाऱ्याला शिकवा, मोजे द्या, वाचता येईल एवढ्या अक्षरांत मराठी लेबल छापा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली. ती कीटकनाशके होती, पण पाठीवरचा पंप तोच होता आणि उघडे अंगही तेच. पॅराक्वाटबद्दल तर एवढेच सांगतो की त्याच्यावर उतारा नाही. ते घरात, माजघरात, धान्याच्या कोठीजवळ ठेवू नका. आमचे म्हणाल तर आणूच नका.

आणि परवानगी मिळाली म्हणून निंदण कायमचे सुटेल असेही कोणी समजू नये. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सगळा कापूस तणनाशक सहन करणारा झाला. काही वर्षांतच तिथे दोन तणांनी मान वर काढली. एक माठाच्या जातीचे, जे औषधाला दाद देईना. दुसरा आपला केना, ज्याच्यावर ग्लायफोसेट मुळातच कमी चालते. तिथल्या शेतकऱ्यांना पुन्हा माणसे लावून हाताने तण काढावे लागले. स्वातंत्र्य हवेच, पण ते एका डब्याची गुलामी करण्यासाठी नको.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या शेतातली सर्वांत त्रास देणारी तीन तणे आणावीत, मुळासकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून. गावात त्याला काय म्हणतात ते चिठ्ठीवर लिहून बांधावे, कारण एकाच तणाला दोन तालुक्यांत दोन नावे आहेत आणि दुकानात त्याचाही घोळ होतो. निंदायला जाणाऱ्या दोन तरी बाया प्रत्येक गावातून याव्यात, नावे त्याच सांगतील. टारफुला आणायचा तर ज्वारीचे ताट उपटून मुळाला चिकटलेला आणावा. तो किंवा गाजर गवत फुलावर आले असेल तर पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि बैठक संपल्यावर तिथेच जाळावे, परतीच्या एसटीत नेऊ नये.